मैदानाखालचे खांब

मागल्या पंधरवड्यात चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, एक सत्कार झाला. व्यासपीठावरचे एक शालवाले गृहस्थ म्हणाले, "जुने खाणमालक दिलदार होते. त्यांनी मजुरांना मैदानं दिली, म्हणून आपल्या भागात फुटबॉल रुजला." टाळ्या पडल्या. मी पुढच्याच रांगेत होतो, कारण ज्या चार म्हाताऱ्या खेळाडूंचा सत्कार होता त्यांत मी एक. मी शाल खुर्चीवर ठेवली आणि निघून आलो.

संपादकांनी माझ्याकडे खेळाच्या गोड आठवणी मागितल्या आहेत. गोड माझ्याजवळ फार काही नाही. जे आहे ते लिहितो. छापायचं तर छापा.

मी कोळशाच्या खाणीत सरदार होतो. सरदार म्हटलं की बाहेरच्या माणसाला फेटा आणि घोडा दिसतो. आमचा सरदार म्हणजे अंगभर काळा झालेला, एका सेक्शनमधल्या मजुरांच्या जिवाला जबाबदार असलेला माणूस. पाळी सुरू व्हायच्या आधी त्यानं आत जायचं, हातात दिवा आणि काठी घेऊन. दिव्याच्या ज्योतीवरून वायू कळतो. काठीनं छत कळतं. ठोकल्यावर टणटणलं तर छत पक्कं, बद्द वाजलं तर वरचा थर सुटलेला. तसं असेल तर तिथं कुणाला पाऊल टाकू द्यायचं नाही, मग मॅनेजर कितीही बोंबलो.

आणखी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. कोळशाचा थर जमिनीच्या पोटात आडवा पसरलेला असतो. त्यात उभेआडवे रस्ते कोरत जायचं आणि मधले मोठे चौकोन तसेच ठेवायचे. त्यांना आम्ही खांब म्हणत असू. वरची सगळी दुनिया, झाडं, गुरं, घरं, त्या खांबांवर उभी असते. रस्ते कोरून झाले की कंपनीचा डोळा खांबांवर जातो, कारण खांबही कोळशाचेच. मग लाकडी टेकू लावत लावत, मागे सरकत, एकेक खांब काढायचा. शेवटी टेकूही काढून घ्यायचे आणि पळायचं. छत खाली बसतं. त्याच्यावरची जमीनही खचते. हे खाणीतलं सगळ्यात जोखमीचं काम, आणि मी ते निम्मी नोकरी केलं. माझ्या हाताखाली एकही माणूस दबून मेला नाही. एवढा एक अभिमान मला आहे, तो कुणी शाल दिल्यानं वाढत नाही.

आमच्या क्लबाचं नाव खाणमजूर इलेव्हन. छत्तीसगडचे, तेलंगणातले, आमच्या झाडीपट्टीतले, जंगलातले गोंड, असे सगळे त्यात. एकमेकांची भाषा धड येत नव्हती, पण बॉल कुणाकडे द्यायचा ते कळत होतं. गोलकीपर राजय्या, सिरोंच्याकडचा. खाणीत तो टेकू लावायचं काम करी. आडदांड माणूस, पण बॉल असा झेले की जणू अंडं. उजव्या बाजूला जुरू मडावी. मूल गावाच्या रस्त्यानं आत जंगलात त्याचं गाव होतं. खाणीत टबांमध्ये, रुळांवरच्या छोट्या डब्यांत, कोळसा भरायचा आणि मैदानावर अनवाणी पळायचा. त्याच्या मागं बूट घातलेले बॅक धापा टाकत.

पहिलं मैदान वर्कशॉपच्या बाजूला होतं. ते कुणी दिलं नव्हतं. जागा रिकामी होती, आम्ही खेळत होतो. मग नवे मॅनेजर आले. अधिकाऱ्यांसाठी बंगले बांधायचं ठरलं, बंगल्यांना बगीचा पाहिजे, बगीच्यात टेनिसचं कोर्ट पाहिजे. एका सोमवारी पाळीवरून वर आलो तर आमच्या गोलाच्या जागी चुन्याच्या रेघा आणि तारेचं कुंपण. विचारायला गेलो तेव्हा मॅनेजर म्हणाले, "इतना बडा मुल्क पडा है. कहीं भी खेलो."

तेव्हापासून आम्ही त्या मुलखात जागा शोधत फिरलो.

आधी आठवडी बाजाराची जागा. बाजार उठल्यावर तिथं माशांचे काटे, फुटक्या बांगड्या, शेण. पहिल्याच दिवशी अर्ध्या संघाचे पाय फाटले. बाजाराचा ठेकेदार म्हणाला, "रोज झाडून देत असाल तं खेळा." आम्ही झाडलं. मग तो म्हणाला, "आता बैलबाजारही इथीच भरवतो, जागा चांगली साफ झाली."

मग शाळेचं पटांगण. हेडमास्तर बाहेर आले, चष्म्यातून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही लोक इथं आलात तर मुलांच्या कानावर काय काय पडेल!" राजय्याला मराठी कमी कळायचं. त्यानं मला विचारलं, "क्या बोला, मारोतभाऊ?" मी म्हटलं, जागा लहान आहे म्हणतात.

मग वर्धा नदीचं पात्र. उन्हाळ्यात तिथं वाळूच वाळू, पण वाळूत बॉल उसळत नाही, पडला तिथंच मरतो. शिवाय पात्रात डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्या. एका वाडीवाल्या बाईनं मात्र आम्हाला हाकललं नाही. ती एवढंच म्हणाली, "खेळा बापा, पण माह्या डांगराले लाता नोका मारू." सगळ्या शोधात एवढीच एक माणसासारखी बोलली.

आणि इकडे चांद्याच्या स्पर्धा समितीनं कळवलं, ज्या संघाला स्वतःचं मैदान नाही त्याला पुढल्या हंगामात घेणार नाही. म्हणजे मैदान नाही म्हणून मॅच नाही, मॅच नाही म्हणून पोरं येत नाहीत, आणि पोरं येत नाहीत म्हणून साहेब म्हणणार, यांना मैदान कशाला?

जागा शेवटी जुरूनं काढली. आम्हा मजुरांच्या चाळींच्या दक्षिणेला कंपनीचीच जमीन होती, पळस, धावडा, रायमुनियाचं, म्हणजे घाणेरीचं, रान आणि मोठाली वारुळं. मॅनेजरांनी खिडकीतून तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "ले लो. जंगल है."

त्या जंगलाचं आम्ही मैदान केलं. पाळी संपली की तोंड न धुता सरळ तिकडे. रायमुनिया उपटता येते, पळस तुटतो, पण धावड्याचा खुंट काढणं म्हणजे दगडाचा दात उपटणं. खाणीत ज्या कुदळी मारायचो त्याच इथं मारल्या. वारुळं फोडायची म्हटल्यावर जुरू म्हणाला, "माती फेकू नोका, भाऊ. आमच्या इकडं अंगण याच मातीचं करतेत." मग ती माती पसरली, पाणी शिंपलं, धुमसानं चोपली. बायका घमेली घेऊन आल्या. माझी बायको गंगू सगळ्यात पुढं. ती म्हणे, "अवो, तुमच्या बॉलसाठी मी माती वाहून राह्यली, हे माह्या मायले सांगू नोका." वर्कशॉपच्या मागं एक मोडका लोखंडी ड्रम पडला होता, त्याचा रोलर केला आणि स्वतः बैल होऊन ओढला. राजय्यानं टाकाऊ सागाचे टेकू निवडून, तासून गोलाचे खांब उभे केले. ते उभे राहिले तेव्हा तो मागे सरून बघत होता, जसा कुणी स्वतःच्या घराच्या दारचौकटीकडे बघतो.

पहिल्या मॅचला चांद्याहून संघ आला. त्यांच्या कॅप्टननं जमिनीवर टाच आपटून पाहिली आणि म्हणाला, "मैदान तर आमच्याहून चांगलं आहे राव." त्या दिवशी आम्ही जिंकलो. जुरूच्या गोलवर बायकांनी पातेली वाजवली. त्या एका वर्षात आम्ही खरोखर क्लब होतो. दुसऱ्या गावची माणसं आमच्याकडे पाहुणी म्हणून येत, आम्ही त्यांना चहा पाजत असू, आणि हरले तरी ती हसत जात.

त्याच सुमाराला आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. चाळीत साखर वाटली. राज्य बदललं, मॅनेजर तेच राहिले.

पुढला पावसाळा संपला आणि मला ऑफिसात बोलावणं आलं. मॅनेजर म्हणाले, "सरदार, साउथ सेक्शन का पिलर निकालना है. तुम्हारा गँग करेगा."

साउथ सेक्शन म्हणजे आमच्या मैदानाखालचा भाग. खाली रस्ते कोरलेले आहेत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आम्हीच कोरले होते. पण खांब उभे होते तोवर त्याची भीती नव्हती. अख्खी वसाहतच खांबांवर उभी होती.

मी म्हटलं, "साहेब, वर मैदान आहे."

"मकान तो नहीं है."

"पूर्वेकडचा सेक्शन आधी घ्या. वर नुसतं पडीक आहे. तोवर आम्हाला दुसरी जागा द्या, आम्ही पुन्हा मैदान करू."

"वहाँ से ढुलाई दूर पडती है."

"मग बंगल्यांखालचे घ्या," मी बोलून गेलो. "ते तर हॉलेजच्या रुळांच्या अगदी जवळ आहेत."

मॅनेजर हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बंगलों के नीचे का पिलर कभी नहीं निकलता. रूल है." आणि मग समजावल्यासारखं बोलले, "मैदान खेलने को होता है, सरदार. रोटी कोयले से आती है."

तो रूल मला माहीत होता. राहत्या घराखालचे खांब ठेवायचे, आणि ते बरोबरच आहे. पण ती वाक्यं ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे टेनिसचं कोर्ट आलं. आमच्या जुन्या मैदानावर बसलेलं, बंगल्यांना चिकटून असलेलं, म्हणून खालचे खांब कायमचे राहणार असलेलं. आम्हाला हुसकून ज्या जमिनीवर ते खेळत होते ती कधीच खचणार नव्हती. आणि जी आम्ही हातांनी केली तिच्याखालचा आधार आम्हालाच काढायला लावत होते.

चाळीपुढच्या ओट्यावर सगळे जमलो. राजय्या म्हणाला, काम बंद करू. काही म्हणाले, करू. पण आमच्यातल्या निम्म्यांचं नाव अजून कायम मजुरांत नव्हतं. त्यांना दुसऱ्या दिवशी चाळीतून काढलं असतं. आणि मी नाही म्हटलं असतं तर तो सेक्शन अशा एका सरदाराला मिळाला असता जो काठी काखेत धरून फिरतो आणि छत ठोकतच नाही. मग मैदान तर गेलंच असतं, शिवाय माणसंही गेली असती. मी हे सांगितलं.

जुरू उठला. "मारोतभाऊ, तुम्ही करा. तुमचं बरोबर आहे. पण मी नाई करत. मी वरून ती माती चोपली, आता तिच्याच खालून कोळसा भरू? मले नाई जमत." तो त्याच संध्याकाळी गावाकडे निघून गेला.

आम्ही काढले खांब. राजय्या टेकू लावत होता, मी छत ठोकत होतो. खांब काढायच्या कामात टेकू बोलतात. वजन आलं की आधी कुरकुरतात, मग कडकड करतात. ते ऐकून माणसं मागे घ्यायची असतात. शेवटच्या भागात टेकू कडकडले, मी ओरडलो, सगळे पळत सुटले. मागं छत बसलं. वाऱ्याच्या धक्क्यानं माझी टोपी उडाली. एरवी अशा वेळी माणसं सुटलो म्हणून हसतात. त्या दिवशी राजय्या भिंतीला टेकून उभा होता आणि मोठ्यानं शिव्या देत होता, तेलुगूत, कुणाचं नाव न घेता. मला एक शब्दही कळला नाही आणि सगळं कळलं.

वर आलो. मैदानाला आडव्या भेगा पडल्या होत्या, हात आत जाईल एवढ्या. मधोमध परातीसारखा खळगा. एक गोल तिरपा झालेला. गंगू आणि इतर बायका काठावर उभ्या होत्या, पुढं जायची कुणाची छाती नव्हती. कंपनीनं मात्र तत्परता दाखवली. दुसऱ्या दिवशीच काटेरी तार आली आणि पाटी लागली, 'धोका. आत जाऊ नये.' मैदान देताना ज्यांना खिडकीतून बघायला सवड नव्हती, त्यांना पाटी रंगवायला सवड मिळाली.

पुढल्या रविवारी आमची मॅच ठरलेली होती. चांद्याचा संघ आमच्याकडे येणार होता. मैदान दाखवता आलं नाही तर आम्ही हरलो असं धरणार. पोरं म्हणाली, जाऊ द्या, संपलं. राजय्या म्हणाला, "कायकू संपलं? मैदान है ना."

रविवारी सकाळी तो तारेखालून आत शिरला. मी नको म्हणत असताना भेगा ओलांडत गेला आणि गोलाचे खांब उपटून आणले. ते खांद्यावर घेऊन आम्ही सगळे, क्लबाच्या लाल बनियनमध्ये, भर दिवसा बंगल्यांच्या रस्त्यानं निघालो. फाटकावरचा चौकीदार चाळीतलाच होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि पाणी प्यायला निघून गेला.

टेनिसची जाळी आम्ही सोडली आणि घडी करून बाकावर ठेवली. फाडली नाही. गोल बगीच्यात रोवले. एका कोपऱ्यात गुलाबाचा ताटवा येत होता, तो आला तर आला. चांद्याचा संघ पोचला तेव्हा त्यांच्या कॅप्टनला काही समजेना. मी सांगितलं, हेच आमचं मैदान, या बंगल्यांच्या आधीपासूनचं. त्यानं आमची तोंडं पाहिली आणि आपल्या पोरांना म्हणाला, "बूट घाला रे."

शिट्टी झाली. चाळीतली माणसं कुंपणाबाहेर जमू लागली. दहाएक मिनिटांत मॅनेजर बाहेर आले, पांढऱ्या कपड्यांत, हातात टेनिसची रॅकेट. खेळायलाच निघाले होते बिचारे.

"ये क्या तमाशा है?"

खेळ थांबला. मी बॉल पायाखाली धरला. "मॅच आहे, साहेब."

"यहाँ?"

"अख्ख्या खाणीत हीच जागा खचत नाही, साहेब. इथले खांब कधीच निघत नाहीत. रूल आहे."

कुंपणाबाहेर कुणीतरी हसलं, मग सगळे हसले. मॅनेजरांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मी बॉल पुढं ढकलला. राजय्या गोलात ओरडला, "खेळो!" आणि आम्ही खेळलो, शिपाई येईपर्यंत. त्या मॅचमध्ये गोल कुणाचाच झाला नाही. पण इतका चांगला खेळ आम्ही कधी केला नव्हता. पुढं काय होणार ते प्रत्येकाला माहीत होतं, म्हणून कुणी काही राखून ठेवलं नाही.

पुढं तेच झालं. स्पर्धा समितीनं मॅच चांद्याच्या संघाला बहाल केली. मला सरदारकीवरून उतरवून टब भरायला लावलं. सरदारकी परत मिळायला बरीच वर्षं गेली. आणि राजय्याला काढून टाकलं. कारण दिलं, धोक्याच्या जागेत शिरून कंपनीचं लाकूड चोरलं. कंपनीचं लाकूड! फेकून दिलेले टेकू, ज्यांना त्यानं आपल्या हातांनी तासलं होतं. जो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोक्यावरचं छत धरून ठेवत होता, त्याला चोर म्हणून चाळीतून बाहेर काढलं. बायको, दोन लेकरं आणि एक पेटी घेऊन तो सिरोंच्याकडे जाणाऱ्या मोटारीत बसला. मोटार सुटताना मला म्हणाला, "मारोतभाऊ, क्लब बंद नक्को करना." मी मान हलवली. नंतर तो मला कधी भेटला नाही. त्या सत्कारात एक खुर्ची त्याची असायला हवी होती. पण ज्यांना तिथं बोलवायचं असतं ते दिलदार मालकांच्या गोष्टीत बसावे लागतात.

क्लब बंद करायचा नव्हता, पण खेळायचं कुठं? हिवाळ्यात जुरू सायकलवर आला. म्हणाला, "आमच्या गावी चला. धान कापून झाला. शेत मोकळं आहे. गावाले विचारलं, हो म्हणतेत."

अर्धा रस्ता मोटारीनं आणि उरलेला जंगलातून पायी, असे आम्ही गेलो. गावाच्या कडेला धानाची लांबरुंद बांधी होती, धसकटं काढून साफ केलेली. बांध दोन ठिकाणी फोडून जागा सलग केली होती. आमच्यासाठी. ज्यांच्याशी आमचं नातं एवढंच की त्यांचा एक पोरगा आमच्यात खेळतो, त्यांनी शेताचे बांध फोडले होते, आणि ज्या कंपनीच्या पायाशी आमचं आयुष्य गेलं तिनं रानाचा एक तुकडा राहू दिला नाही. मी तिथं उभा राहिलो आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी पुन्हा संताप आला.

गावचा म्हातारा प्रमुख आमच्यासोबत बांधीभर चालला. जमिनीकडे बघत चालत होता. मधोमध थांबून त्यानं गोंडीत काहीतरी विचारलं. जुरू जरा घुटमळला, मग म्हणाला, "भाऊ, मी त्याले आपल्या मैदानाचं सांगितलं होतं. तो विचारते, तुम्ही जमिनीच्या आत जाणारे लोक. हिच्या खाली काय आहे ते तुम्हाले माईत असन. हे शेत तं नाई धसणार?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. नाही म्हणून सांगणं सोपं होतं. पण कोळशाचा थर कुठवर गेलाय ते मला कुठं ठाऊक होतं? आणि थर असला तर कंपनी कुठवर येईल, ते मात्र मला पक्कं ठाऊक होतं.

"त्याले सांग," मी म्हटलं, "आज तं खाली कोणी नाई."

जुरूनं सांगितलं. म्हाताऱ्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग काठी उचलून बांधावर जाऊन बसला आणि हातानं खूण केली, खेळा.